मनाचे दुखणे कोणत्या भाषेत सांगायचे?

सीमाभागातील भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा ठरावीक वाटेने जाते. मराठी शाळा ओस पडत आहेत, मराठी शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, पाठ्यपुस्तके वेळेवर येत नाहीत. हे सारे खरे आहे, आणि त्यासाठी आमच्यासारख्या समितीच्या लोकांनी कचेऱ्यांचे उंबरठे पुष्कळ झिजवले आहेत. पण भाषा न कळल्यामुळे माणसाच्या जिवाशी गाठ पडू शकते अशीही एक जागा आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. ती जागा म्हणजे मनोविकारतज्ज्ञाची खोली.

दापोरा आणि आसपासच्या गावांतील बहुतेक गरीब कुटुंबांना आयुष्मान कार्डाचे नाव आता ओळखीचे झाले आहे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे निघाले तर कोठे जायचे, कार्ड कोठे चालते, हे गावातला जाणता माणूस सांगू शकतो. पण घरात कोणाचे मन आजारी पडले, तर हे कार्ड मान्य करणारा आणि आपले बोलणे समजणारा डॉक्टर कोठे आहे? या प्रश्नाला गावात उत्तर नाही. आधी भगत, मग ताईत, मग उसनवारी करून शहरातला रोखीचा दवाखाना, आणि पैसे संपले की औषध बंद, असा क्रम ठरून गेला आहे. या क्रमात कार्डाला कोठेच जागा मिळत नाही. ती का मिळत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

कार्ड काय देते?

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. मध्य प्रदेशात ती 'निरामयम्' या नावानेही ओळखली जाते. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, या योजनेत घेतले आहे. गरिबाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु ही योजना रुग्णालयात भरती होणाऱ्या रोग्यासाठी आहे. नुसती तपासणी करून चिठ्ठी घेऊन घरी येणाऱ्याचा, म्हणजे बाह्यरुग्णाचा, खर्च तीत येत नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच काळ ती सांभाळते. अपेंडिक्स काढले तर पंधरा दिवस पुरतात. मनाचा आजार या मापात बसत नाही. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे जातात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तर औषध वर्षानुवर्षे चालते. बहुसंख्य मनोरुग्णांना भरती करण्याची गरजही नसते. त्यांना हवी असते महिन्याची एक भेट, तोच डॉक्टर आणि न तुटणारे औषध. म्हणजे ज्याला कार्डाची सर्वांत लांब साथ हवी, त्याची साथ ते सर्वांत लवकर सोडते.

दुसरी अडचण रुग्णालयाची. योजनेच्या सुरुवातीच्या यादीत मानसिक आजारांची पॅकेजे सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली होती. त्यात फेरबदल करण्याची मुभा राज्यांना आहे. पण रोग्याच्या बाजूने पाहिले तर अर्थ एवढाच होतो, की जवळच्या शहरात पाटी लावून बसलेला खाजगी मनोविकारतज्ज्ञ सहसा रोखीनेच तपासतो आणि कार्डवाल्याने दूरच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरायची. ही वाट आपल्याला इंदूरकडे नेते. इंदूरला बाणगंगेचे मानसिक रुग्णालय आहे, पण ते येथून पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे. ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेचे नाव आपल्या कानाला घरचे वाटते, पण ती सहाशे किलोमीटरहून लांब आहे. केळीच्या मळ्यात रोजाने जाणारा माणूस महिन्यातून एकदा दोन दिवसांची मजुरी बुडवून, सोबत एक जण घेऊन, असा प्रवास किती महिने करील?

वीस लाखांमागे एक

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या बारांत मध्य प्रदेश होता. पाहणीच्या वेळी दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि निरनिराळ्या आजारांत सत्तरपासून ब्याण्णव टक्क्यांपर्यंत रोगी उपचारावाचून होते. त्याच अहवालात मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण दिले आहे. केरळात लाख लोकांमागे १.२ आणि मध्य प्रदेशात ०.०५. बारा राज्यांत हा सर्वांत खालचा आकडा होता. शाळेतल्या पोरालाही हे गणित सोडवता येईल : वीस लाख माणसांमागे एक डॉक्टर. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या ७,५७,८४७ होती. या हिशेबाने आपल्या साऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला अर्धा डॉक्टरदेखील येत नाही.

त्यानंतर काही पावले पडली आहेत, हेही सांगितले पाहिजे. खंडव्याला २०१८ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्यातील जिल्हा रुग्णालयांत 'मनकक्ष' या नावाने मानसिक आरोग्याची खोली देण्याचे धोरण आले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि ज्या वीस भाषांत ती चालते त्यांत मराठी आहे. ही गोष्ट आपल्या किती घरांत माहीत आहे? शाळेच्या भिंतीवर आपण सुविचार लिहितो, तेथे हा क्रमांक लिहायला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याची तीन कलमे प्रत्येक सरपंचाने आणि मुख्याध्यापकाने वाचावीत अशी आहेत. कलम १८ प्रमाणे परवडणारी, जवळची आणि रोग्याला व त्याच्या कुटुंबाला रुचेल अशी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील रोग्याला, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी उपचार मोफत मिळाले पाहिजेत. आवश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारावरची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी केंद्रांत सदैव आणि फुकट उपलब्ध असली पाहिजेत. कलम २१ विमा कंपन्यांना बजावते, की शरीराच्या आजाराला ज्या अटींवर विमा देता त्याच अटींवर मनाच्या आजारालाही द्या.

आणि कलम २२ तर आमच्या भाषाप्रश्नाचेच कलम आहे. रोग्याला त्याच्या आजाराची, ठरवलेल्या उपचाराची आणि औषधांच्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि ही माहिती त्याला समजेल अशा भाषेत व स्वरूपात मिळाली पाहिजे, असे ते स्पष्ट म्हणते. आम्ही आजवर प्राथमिक शिक्षणासाठी घटनेच्या ३५० अ कलमाचा आधार घेत आलो. आता दवाखान्यासाठी या कलमाचा आधार घ्यायला शिकले पाहिजे.

तपासणीचे साधन : भाषा

कोणी म्हणेल, आपल्याकडे सगळ्यांना हिंदी येते, मग अडचण कसली? बाजारात, बँकेत, एस.टी. स्थानकावर आपली हिंदी चालते, यात वाद नाही. हाड मोडले तर डॉक्टर क्ष-किरणाने पाहतो, साखर वाढली तर रक्त तपासतो. तेथे भाषा थोडी लंगडली तरी निभावते. नैराश्य किंवा संशयविकार दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. रोगी काय बोलतो, कसे बोलतो, बोलता बोलता कोठे थांबतो, यावरूनच डॉक्टर निदान करतो. बोलणे हाच त्याचा आरसा आणि तेच त्याचे तपासणीयंत्र.

आता आपल्याच तोंडचे शब्द पाहा. 'करमत नाही' हे दोन शब्द आमची बाई दुखण्याची पहिली खूण म्हणून उच्चारते. हिंदीत त्यांना जवळचा शब्दप्रयोग आहे, पण तो तिला त्या क्षणी आठवत नाही. 'जीव नकोसा झालाय' हे वाक्य कोणत्याही मराठी कानाला धोक्याची घंटा वाटते. हिंदीत 'जीव' म्हणजे प्राणी, आणि नुसत्या हिंदीच्या कानावरून हे वाक्य सहज ओघळून जाऊ शकते. 'सगळे माझी चेष्टा करतात' यात संशयविकाराचे लक्षण असू शकते, पण हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. खोल नैराश्यातला माणूस म्हणतो, 'देव मला शिक्षा देतोय'. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! 'राग येतो' म्हटले तर तेथे राग गाण्याचा. दोन्ही भाषांची लिपी एक आणि शब्द सारखे दिसणारे. म्हणून तर हा धोका जास्त आहे. अगदीच परका शब्द आला तर ऐकणारा थांबून विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द चुकीच्या अर्थाने आत जातो आणि कोणालाच पत्ता लागत नाही.

त्यातून आपली बोली ही पुस्तकी मराठी नव्हे. या पट्ट्यात लेवा गणबोली आहे, तावडी आहे, अहिराणी आहे, निमाडीची सरमिसळ आहे. पुण्याच्या डॉक्टरलाही ती पहिल्या फटक्यात कळेल असे नाही. पण त्याला न कळलेला शब्द तो विचारील, एवढी जवळीक त्यात राहते.

सुनेचा प्रश्न

ही अडचण सर्वांना सारखी बाधत नाही. पुरुषमाणूस बाजारपेठेत हिंदी शिकतो. खरी कोंडी होते ती बाईची. सीमेवरच्या आमच्या गावांत रावेर, मुक्ताईनगर, यावलकडच्या मुली सून म्हणून येतात. सोयरीक सीमा पाहत नाही. समजा, अशी एक मुलगी दापोऱ्याच्या घरात आली. तिचे सारे शिक्षण महाराष्ट्रात मराठीतून झालेले. बाळंतपणानंतर तिला झोप येईनाशी झाली, बाळाकडे पाहवेनासे झाले, रडू आवरेनासे झाले. बाळंतिणीचे नैराश्य हा ओळखीचा आणि बरा होणारा आजार आहे. पण तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते?

पहिली गोष्ट म्हणजे तिचे नाव. आधार माहेरच्या पत्त्यावरचे, रेशनकार्डात नाव माहेरी, आणि येथील समग्र नोंदीत ते अजून चढलेले नाही. लग्नाने आलेल्या व्यक्तीचे नाव कुटुंबाच्या कार्डात घेता येते, पण त्यासाठी कागद जुळावे लागतात. माहेरच्या कागदावर 'माळी', सासरच्या कागदावर 'माली', कोठे 'काळे', कोठे 'काले'. आमचा 'ळ' हिंदीच्या कळफलकावर हरवतो आणि त्याबरोबर बाईचा विमाही अडकून पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दुभाषी. डॉक्टरपुढे ती नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून बोलणार. दुखण्याचे मूळ त्या घरातच असेल तर ते ती कोणापाशी सांगणार? ती दहा मिनिटे बोलते आणि सोबतचा माणूस एका वाक्यात गुंडाळतो, 'इनको टेंशन रहता है.' कित्येकदा तर हे काम शाळकरी मुलावर येते. आईला मरावेसे वाटते हे दहा वर्षांच्या पोराने भाषांतर करून सांगायचे, ही कल्पनाच शिक्षक म्हणून अस्वस्थ करणारी आहे.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी निमाड आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या जुन्या मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी अशा दोन्ही राजभाषा मानल्या होत्या, आणि १८६४ पासून चालत आलेले नागपूरचे मनोरुग्णालय आपल्याच प्रांतातले होते. राज्यपुनर्रचनेत ते रुग्णालय पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. तो इतिहास उकरून भांडण काढण्याचा हेतू येथे नाही. आपण मध्य प्रदेशाचे नागरिक आहोत आणि आपली मागणी याच राज्याकडे आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयुष्मान कार्ड देशभर चालते. योजनेत नोंदलेले रुग्णालय कोणत्याही राज्यातील असो, तेथे ते दाखवता येते. भुसावळमार्गे जळगाव रेल्वेने ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, इंदूरच्या निम्म्याहून कमी, आणि तेथे २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे मनोविकार विभागात आपले कार्ड कोणत्या उपचाराला चालेल हे आधी विचारून घ्यावे लागेल. त्यासाठी १४५५५ हा योजनेचा क्रमांक आहे आणि प्रत्येक नोंदलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पण हा रस्ता आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. कार्ड मध्य प्रदेशाचे म्हणून ते सीमेवर संपते, असा समज आहे.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने त्याला जोरदार हरकत घेतली होती. आरोग्याचा विमा राजकारणाच्या आखाड्यात उतरला की रोगी बाजूला पडतो. आपल्या जिल्ह्याबाबत तसा सीमावाद नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे. येथे दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकमेकांशी सरळ बोलणे शक्य आहे. महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यात आपल्याला लागून असलेले बुलढाणा आणि अमरावती हे जिल्हे आले. वादळात केळीचा खांब आडवा झाला तर त्या शेतकऱ्याचे आणि आपल्या शेतकऱ्याचे दुःख वेगळे नसते. मग मराठीत छापलेली समुपदेशनाची पत्रके इकडे आणायला काय हरकत आहे?

जगात हा प्रश्न इतरांनीही सोडवला आहे. ब्रिटनमधील वेल्स हा लहानसा प्रदेश. तेथे इंग्रजी बहुतेक सर्वांना येते, तरीही २०१२ साली तेथील सरकारने आरोग्यसेवेसाठी धोरण केले, की वेल्श भाषेची सेवा रोग्याने मागायची वाट पाहू नये, सेवा देणाऱ्यानेच आपणहून विचारावे. आजारी माणूस हक्क मागायच्या अवस्थेत नसतो, हे त्यामागचे शहाणपण आहे.

मागण्या थोड्या आणि करता येण्याजोग्या

एक : जिल्हा रुग्णालयाच्या मनकक्षात आठवड्यातून एक ठरलेला दिवस मराठी जाणणारा समुपदेशक बसावा. मनोविकारतज्ज्ञ दूर असला तरी हा माणूस रोग्याचे नीट ऐकून टिपण करील आणि दूरध्वनी-चित्रावरून डॉक्टरला समजावील. हीच सोय खकनार भागातील कोरकू आणि बारेला रोग्यांसाठी त्यांच्या बोलीतून व्हावी. त्यांची कोंडी आपल्याहून मोठी आहे, आणि जो न्याय आपण मागतो तो त्यांना नाकारून आपल्याला मागता येणार नाही.

दोन : मानसिक आजारासाठी कार्ड कोठे चालते, याची इंदूर, खंडवा आणि सीमेपलीकडील रुग्णालयांसह यादी मराठीत छापून प्रत्येक पंचायतीत लावावी. १९५६ च्या केंद्रीय निवेदनापासून चालत आलेल्या संरक्षणांप्रमाणे ज्या भागात पंधरा टक्के वा अधिक लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्यायच्या असतात. आपल्या मराठी पट्ट्याला हा नियम लावून पाहावा.

तीन : बाह्यरुग्णाची तपासणी आणि महिन्याचे औषध, निदान मनाच्या आजारापुरते तरी, विम्यात आणावे. आज केवळ कार्ड चालावे म्हणून रोग्याला भरती करण्याचा मोह होतो. महिन्याच्या गोळ्या देण्याहून ते सरकारला महाग पडते आणि रोग्याला जाचक. विमा बदलेपर्यंत कलम १८ प्रमाणे सामुदायिक आरोग्य केंद्रात ही औषधे कायम असावीत, आणि नसतील त्या दिवशी तसे लेखी द्यावे.

चार : सीमेपलीकडून आलेल्या सुनांची नावे चढवण्यासाठी वर्षातून एकदा पंचायतीत शिबिर व्हावे आणि 'ळ'च्या फरकावरून कोणाचा अर्ज फेटाळला जाऊ नये.

सरकारकडे बोट दाखवताना चार बोटे आपल्याकडे असतात. मनाच्या आजाराला आपण अजून 'वेड' म्हणतो, सोयरीक मोडेल म्हणून लपवतो, आणि लपवलेल्या रोग्यासाठी कोणतीही योजना आखता येत नाही. ज्या दिवशी दापोऱ्यातील माणूस जसा 'छातीत कळ आली' म्हणून सांगतो, तसा 'माझे मन दुखते आहे, कार्ड कोठे चालेल' असे पंचायतीत उघड विचारील, त्या दिवशी यादी लावणे पंचायतीला भाग पडेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले आणि ते योग्यच केले. त्या भाषेत जन्मलेल्या सीमेवरच्या बाईला दवाखान्यात 'मला करमत नाही' एवढे सांगता यावे आणि ऐकणाऱ्याला ते कळावे, ही त्या मानाने फार लहान मागणी आहे. येत्या ग्रामसभेत ती मांडा, ठरावाच्या वहीत लिहून घ्या आणि ठरावाची प्रत मागून घ्या.